गल्लीतलं पाणी आणि आयर्विनचा आकडा

वाचकांचे प्रश्न, नगरातल्या सोयींविषयी

*ताई, आमच्या बोळात पहाटे साडेपाचला पाणी सुटतं. पहिली दहा मिनिटं त्याला गटाराचा वास येतो, रंगही काळपट असतो. मग हळूहळू स्वच्छ होतं. शेजारच्या बोळात असं काही होत नाही. तक्रार केली की माणूस नऊ-दहा वाजता येतो, तोवर नळ गेलेला असतो, आणि तो तरी काय बघणार? मागच्या महिन्यात दोन घरांत कावीळ झाली. माझी सून सातव्या महिन्यात आहे. काळजीनं झोप लागत नाही.*
*– एक सासूबाई, सांगली*

आधी सुनेचं. आजपासून तिच्या पोटात जाणारं पाणी खळखळून उकळलेलंच असू द्या. उकळी आल्यावर दोन मिनिटं ठेवा आणि झाकून गार करा. दात घासायला आणि फळं-कोशिंबीर धुवायलाही तेच वापरा. तुरटी फिरवून पाणी नितळ दिसतं, गाळ खाली बसतो, पण त्यातले जंतू मरत नाहीत. आपल्याकडे पुष्कळ घरी तुरटीवर विश्वास टाकून बसतात, म्हणून मुद्दाम सांगते. दूषित पाण्यातून होणारी एक कावीळ, जिला डॉक्टर ‘हिपॅटायटीस ई’ म्हणतात, ती एरवी बहुतेकांना आपोआप बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जिवावर बेतू शकते. गल्लीत कावीळ झाली आहे हे तिच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. लघवी गडद पिवळी दिसली, अन्नावरची वासना उडाली, मळमळ सुरू झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आता पाण्याचं. तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे. पहिली दहा मिनिटं घाण आणि नंतर स्वच्छ, तेही एकाच बोळात. नदीचं पाणी गढूळ असतं किंवा शुद्धीकरणात काही बिघडलं असतं तर ते अख्ख्या भागाला आणि शेवटच्या थेंबापर्यंत गढूळ आलं असतं. तुमच्याकडची घाण बोळातच शिरते आहे.

कशी शिरते ते सांगते. मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली आणि हे खड्ड्यात उतरून पाहिलेलं आहे. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. चावीवाल्यानं व्हॉल्व्ह बंद केला की नळीतलं उरलेलं पाणी सगळ्यात खालच्या नळाकडे ओघळतं आणि नळी पोकळ होते. मुख्य नळीवर फेरूल, म्हणजे घरगुती जोडणीचा पितळी सांधा, बसवून तिथून घरापर्यंत जो अर्ध्या इंची पाइप येतो, तो जुन्या बोळांत हमखास गटाराच्या आतून गेलेला असतो. लोखंडी पाइप असला की वर्षानुवर्षं गटारात भिजून तो गंजतो, आणि सांध्यापाशी गव्हाच्या दाण्याएवढी भोकं पडतात. पाणी वाहत असताना दाब आतून बाहेर असतो, तेव्हा फक्त गळती होते. नळी रिकामी झाली की गटारातलं पाणी त्याच भोकांतून आत येतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या धारेबरोबर कुणाच्या तरी घागरीत पडतं.

यात भर घालते ती नळाला थेट जोडलेली मोटर. पाणी सुटायच्या आधीच पाच-सात घरांत मोटरी सुरू असतात, कारण आपल्याला आधी मिळावं असं प्रत्येकाला वाटतं. रिकाम्या नळीला मोटर लावली की ती आधी हवा ओढते आणि हवेमागून गटार. माझी ही गोष्ट बोळातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. शेजारणीच्या मोटरीनं ओढलेली घाण तुमच्या सुनेच्या तांब्यात येऊ शकते, आणि तुमच्या मोटरीनं ओढलेली तिच्या नातवाच्या. नळाला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही, पण नियमाच्या आधी हे डोळ्यांसमोर आणा.

करायचं असं. एका पहाटेपुरत्या सगळ्या घरांनी मोटरी बंद ठेवा. बोळाच्या तोंडाचं, मधलं आणि शेवटचं अशी तीन घरं निवडा. प्रत्येक घरी पारदर्शक, स्वच्छ धुतलेल्या तीन बाटल्या ठेवा: पाणी सुटल्याबरोबर एक, पाच मिनिटांनी एक, पंधरा मिनिटांनी एक. बाटलीवर घर आणि वेळ लिहा. नऊ बाटल्या उजेडात ओळीनं मांडल्या की घाण कुठून सुरू होते ते लहान मुलालाही दिसतं. तोंडाच्या घरी स्वच्छ आणि मधल्या घरी काळपट असेल, तर दोष त्या दोन घरांच्या मधल्या तुकड्यात. फोटो काढून ठेवा.

दुसरी गोष्ट क्लोरीनची. पाणीपुरवठ्याच्या माणसांकडे ‘ओटी’ नावाच्या, क्लोरीन तपासायच्या द्रावणाची छोटी बाटली असते. पाण्याच्या नमुन्यात तिचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. नळाच्या शेवटच्या टोकालासुद्धा लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. पहिल्या धारेत पिवळा रंग येत नाही आणि पंधराव्या मिनिटाला येतो, असं झालं तर समजायचं की वाटेत शिरलेल्या घाणीनं क्लोरीन खाऊन टाकला. हा पुरावा वासापेक्षा भक्कम, कारण वास कागदावर चिकटवता येत नाही. जंतूंची तपासणी मात्र घरच्या बाटलीत करू नका. त्यासाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली मिळते, ती झाकणाच्या आत बोट न लावता भरायची आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायची.

मग अर्ज. ‘आमच्या भागात दूषित पाणी येते, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे अर्ज मी ढिगांनी वाचलेत आणि ते वाचून कुठं खणायचं ते कधीच कळत नसे. तुम्ही असं लिहा: ‘अमुक घर क्रमांक ते तमुक घर क्रमांक यांच्या दरम्यान, अमुक क्रमांकाच्या विजेच्या खांबाजवळ, पहाटे पाणी सुटल्यापासून पहिली दहा मिनिटे काळपट व दुर्गंधीयुक्त पाणी येते. मोटरी बंद ठेवून तपासले. फोटो जोडले आहेत. दोन घरांत कावीळ झाली आहे. पाणी सुटायच्या वेळी पाहणी व्हावी.’ एक प्रत पाणीपुरवठ्याला आणि दुसरी आरोग्य विभागाला. दोन्हींवर आवक क्रमांक आणि शिक्का. शिक्क्याशिवाय घरी येऊ नका.

काविळीच्या तारखाही लिहून ठेवा. ही कावीळ पाणी पोटात गेल्यावर लगेच दिसत नाही, दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कधीही दिसते, बहुतेकदा महिना-सव्वा महिन्यानं. म्हणून आज पाणी स्वच्छ वाटलं तरी पुढचे दोन महिने उकळणं थांबवू नका.

खणल्यावर फुटकी नळी कुणाची निघते ते बघा. फेरूलपासून घरापर्यंतचा पाइप ग्राहकाच्या खर्चाचा असतो. एका घराला झेपत नसेल तर बोळानं वर्गणी काढा. एमडीपीई, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचा, पाइप सलग टाकून घ्या, गटाराच्या वरच्या बाजूनं न्या आणि गटाराच्या जागेत एकही सांधा ठेवू देऊ नका. परवानाधारक प्लंबर काम करत असताना घरातलं कुणीतरी शेजारी उभं राहा. माती लोटली की आत काय केलंय ते पुन्हा दिसत नाही.

*नात मिरजेच्या दवाखान्यात जन्मली. आता ती चार वर्षांची आहे. दाखल्यावर तिचं नावच नाही, ‘मुलगी’ एवढंच आहे. शाळेत अडतंय. आम्ही तासगाव तालुक्यातले, तर ग्रामपंचायतीत अर्ज करायचा का?*
*– आजोबा, तासगाव तालुका*

ग्रामपंचायतीत नको. जन्म जिथं झाला तिथंच नोंद असते, राहण्याच्या गावाला नाही. मिरजेत जन्म म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. बाळाचं नाव जन्मापासून बारा महिन्यांत फुकट नोंदवता येतं. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तुमची मुदत भरपूर आहे. आईवडील दोघांची ओळखपत्रं, जुना दाखला आणि नावाचा अर्ज न्या. आजोबांऐवजी आई किंवा वडील गेले तर फेरी वाचेल.

एकच कळकळीची सूचना. नाव कसं लिहायचं ते घरी कागदावर मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत लिहून, सगळ्यांनी वाचून, मगच न्या. ऱ्हस्व-दीर्घ, वडिलांचं नाव, आडनाव, आणि आधारवर असेल तर त्याच्याशी जुळतंय का हेही बघा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मणाऱ्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. तुमची नात त्याआधीची असली तरी पुढं प्रत्येक कागद याच दाखल्यावर उभा राहणार. खिडकीवरच्या माणसानं दाखला हातात दिला की तिथंच उभं राहून अक्षरन्‌अक्षर वाचा.

*मिस्टरांना रोज दोनदा इन्सुलिन टोचावं लागतं. सुया मी सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकते. परवा घंटागाडीवरची बाई रागावली. माझं चुकलं का?*
*– गृहिणी, विश्रामबाग*

ती रागावली, बरं केलं. वहिनी, घंटागाडीवर डबा उलटा केला की त्या हातानं कचरा वेगळा करतात. हातमोजे असले तरी सुई त्यातून आरपार जाते. प्रभाग कार्यालयात असताना एक सफाई कामगार बाई माझ्याकडे रजेचा अर्ज घेऊन आली होती. अंगठ्याच्या बुडाशी एवढासा काळा ठिपका होता. तो दाखवताना तिचा हात थरथरत होता, कारण ती सुई कुणाची, त्या माणसाला काय आजार, हे तिला कधीच कळणार नव्हतं. एका सुईतून हिपॅटायटीस बी, सी, एचआयव्ही काहीही जाऊ शकतं. पुढं कितीतरी आठवडे ती तपासण्यांना जात राहिली, आणि घरी सांगायची सोय नव्हती.

फिनेल किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली नको, ती चेपते आणि सुई बाहेर येते. टोचून झालं की सुई लगेच तिच्यात. तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ लिहा. मग तुमच्या डॉक्टरांना किंवा जिथं मिस्टरांची तपासणी होते त्या दवाखान्याला विचारा. दवाखान्यांत टोकदार वस्तूंसाठी न टोचणारा पांढरा डबा असतोच, बरेच जण विनंती केली की घेतात. ते जमलं नाही तर बाटली घंटागाडीवर हातात द्या, तोंडानं सांगून द्या. डब्यात लपवून नका टाकू.

फुटलेली काच, दाढीचं पातं, ट्यूबलाइट हे सगळं असंच: वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लिहून, वेगळं. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात बांधून त्यावर लाल खूण. ओला आणि सुका वेगळा करण्याबद्दल मी या सदरात पुन्हा लिहीत नाही, तेवढं आता सगळ्यांना ठाऊक आहे.

*घरपट्टी अजून वारलेल्या वडिलांच्या नावानं येते. दोन वर्षं भरलेली नाही. भावांत वाटणी झाल्यावर एकदमच भरू म्हणतोय.*
*– वाचक, मिरज*

वाटणी होवो न होवो, घरपट्टी भरा. बिल दर सहामाहीचं असतं, एप्रिल आणि ऑक्टोबर. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. भावाशी भांडण मिटायची वाट बघण्याइतकी ती दयाळू नाही. कुणीही भरली तरी चालते, पावती जपून ठेवा, वाटणीत हिशेब करता येईल. पावती कुणाच्या नावाची यावरून मालकी ठरत नाही, तेव्हा ‘त्यानं भरली तर घर त्याचं होईल’ ही भीती सोडा. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद घेऊन नावाची नोंद सगळ्या वारसांच्या नावानं एकत्र करून घ्या.

*आम्ही जतचे. मुलांच्या शिक्षणासाठी यंदा सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला तळमजल्यावर भाड्यानं आलोय. आमच्याकडे पाण्याची वाट बघायची सवय, पुराची नाही. पाऊस लागला की शेजारी म्हणतात कोयनेतून इतके क्युसेक सोडले, कुणी म्हणतं काही होत नाही. घर नेमकं कधी सोडायचं हे कुणीच सांगत नाही.*
*– पालक, सांगली*

तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण तो पूर यायच्या आधी विचारला आहे.

क्युसेकच्या आकड्यानं घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर. 11,574 क्युसेक चोवीस तास सोडले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, होतं. कोयनेची साठवण 105 टीएमसीच्या घरात. पण सांगलीचा पूर एकट्या कोयनेनं ठरत नाही. कोयना कराडला कृष्णेला मिळते, आणि धरणाच्या खाली पडलेला सगळा पाऊस अडवायला कुणी नसतं. तो सरळ नदीत येतो. शिवाय आपल्या खालच्या अंगाला हरिपूरला वारणा मिळते. वारणा फुगली की कृष्णेचं पाणी पुढं सरकायला वेळ लागतो आणि शहरात ते मागं तुंबतं. म्हणून कोयनेचे दरवाजे बंद झाल्याची बातमी आली तरी पाणी चढतच असतं, आणि नवखा माणूस तिथंच फसतो.

तुम्ही आयर्विन पुलाचा आकडा धरा. 1929 पासून हा पूल उभा आहे आणि त्याच्या खांबावरच्या फुटांवर सांगली जगते. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2005 ला पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं, 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 च्या वर, 2021 च्या जुलैत पुन्हा 54 च्या पुढं. पण हे आकडे शहराचे झाले. तुम्हाला हवा तुमच्या उंबऱ्याचा आकडा.

तो काढता येतो. 2019 ला तुमच्या घराच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठवर होती ते घरमालकांना किंवा शेजाऱ्यांना विचारा. पुष्कळ घरांत रंगाखाली ती अजून दिसते, फरशीपासून टेपनं मोजा. समजा ती नऊ फुटांवर आहे. त्या वेळी आयर्विनला 57 फूट 6 इंच होतं, त्यातून नऊ गेले की साडेअठ्ठेचाळीस. म्हणजे आयर्विनला साधारण साडेअठ्ठेचाळीस फूट झालं की तुमच्या फरशीला पाणी. पुलापासून तुम्ही किती लांब आणि कुठल्या बाजूला, यावरून फूटभर इकडंतिकडं होईल, म्हणून 2021 ची खूण मिळाली तर तिनंही ताडून बघा. जो आकडा निघेल तो खडूनं दाराच्या आत लिहून ठेवा, मुलांना पाठ करायला लावा.

आणि त्या आकड्याच्या चार फूट आधी बाहेर पडा. चार फूट का, तर पाणी दारातून यायच्या आधी गटारातून आणि संडासाच्या भांड्यातून उलटं येतं. गल्लीचं तोंड तुमच्या फरशीपेक्षा खोल असेल तर घर कोरडं आणि रस्ता बुडालेला अशी गत होते, मग नावेची वाट बघावी लागते. कर्नाळ रोडच्या बाजूला हे घडताना मी पाहिलं आहे. लोक माडीवर सामान चढवत बसले आणि मागं वळून बघतात तर वाट नाही.

वरच्या अंगाचे आकडेही बघायची सवय लावा. पाटबंधारे खात्याच्या रोजच्या पत्रकात कराड, बहे, ताकारी, भिलवडी आणि आयर्विन अशा पुलांच्या पातळ्या ओळीनं असतात. भिलवडीला पाणी चढत असेल तर आपल्याकडे चढणारच. तासाला किती इंच वाढतंय ते वहीत लिहा. वाढ मंदावली म्हणून संध्याकाळी निवांत झोपू नका, निघायचं असेल तर उजेडात निघा.

निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधायचा, नाहीतर तो तरंगून भिंती फोडतो. संडासाच्या भांड्यात वाळूचं पोतं दाबून ठेवायचं. मुलांचे शाळेचे दाखले, भाडेकरार, रेशन कार्ड आणि औषधं एका पिशवीत, आणि ती पिशवी जूनपासूनच भरलेली हवी. मुलांना जतला आजोळी पाठवायची सोय असेल तर 40 फुटांवरच पाठवा.

भाडेकरूंना मी नेहमी सांगते ते तुम्हालाही. पंचनामा घराचा होतो तसा घरातल्या सामानाचाही होतो, आणि सामान तुमचं आहे. तुम्ही तिथं राहता याचा कागद हवा: भाडेकरार, लाइटबिल, मुलांच्या शाळेतला पत्ता, काहीतरी. पाणी ओसरल्यावर चिखल काढायची घाई होते ते मी समजू शकते, पण पंचनामा होईपर्यंत भिंतीवरची खूण धुऊ नका, आणि भिजलेलं सामान टाकण्याआधी खुणेसकट फोटो घ्या.

परत आल्यावर टाकीतलं पाणी आधी सगळं सोडून द्या. टाकी घासून धुवा, पुन्हा भरा आणि हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर, आधी बादलीत कालवून, निवळी टाकीत ओता. तासभर थांबा. पावडर जुनी, गुठळ्या झालेली असेल तर तिच्यात दम राहिलेला नसतो, ती घेऊ नका.

*दारातल्या गुलमोहराच्या फांद्या तारांना लागतात. माणूस बोलावून तोडून टाकू का?*
*– वाचक, कुपवाड*

स्वतः तोडू नका. तारेला लागलेली फांदी ओली असली की तिच्यातून वीज उतरते. महावितरणला कळवा, ते पुरवठा बंद करून तेवढ्या फांद्या काढतात. झाडाला मोठी छाटणी हवी असेल किंवा झाडच काढायचं असेल, तर ते तुमच्या अंगणात असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 पासून तसा कायदाच आहे. अर्जाबरोबर झाडाचा आणि तारांचा एकत्र दिसेल असा फोटो लावा. घरटं असेल तर तेही लिहा, पिल्लं उडेपर्यंत थांबता येतं. वळवाची वादळं एप्रिलपासून सुरू होतात, त्यामुळं अर्ज त्याच्या बराच आधी, फेब्रुवारीत गेलेला चांगला.